परदेशातल्या एटीएममधून डेबिट कार्डाने पैसे काढताना शुल्क कसं वाचवायचं?

अबोली_२१

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात लेकीकडे प्रागला जाऊन आले. जवळ थोडे युरो होते, पण तिथलं चलन कोरुना. ट्रामच्या थांब्याशेजारी भिंतीत बसवलेलं एक एटीएम दिसलं. त्यात माझं नेहमीचं डेबिट कार्ड घातलं आणि ६,००० कोरुना मागितले. पिन टाकल्यावर पडद्यावर एक चौकट आली. त्यातली रक्कम कोरुनांत नव्हती, माझ्या खात्याच्या चलनात होती. तिच्याखाली एक दर आणि त्याच्याखाली दोन बटणं. उजवीकडचं हिरवं, ठसठशीत, 'मान्य आहे'. डावीकडचं करडं, बारीक अक्षरांत, 'रूपांतर नको'. मागे माणसं ताटकळत उभी होती. 'नको' दाबलं तर पैसेच येणार नाहीत असं वाटलं, म्हणून हिरवं दाबलं.

रात्री लेकीने पावती हातात घेतली. अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : युरोपीय केंद्रीय बँकेच्या दरावर ११.९ टक्के वाढ. म्हणजे ६,००० कोरुनांसाठी मी ६,७१४ कोरुनांची किंमत मोजली. घरी येऊन स्टेटमेंट पाहिलं, तर माझ्या बँकेनेही दोन वेगळ्या ओळींत पैसे कापलेले. एक ठरावीक रक्कम, 'आंतरराष्ट्रीय एटीएम शुल्क' म्हणून. दुसरी टक्केवारीने आलेली.

बँकेत विचारलं, तर 'परदेशात एवढं जातंच' असं उत्तर मिळालं. मला ते अजिबात पटलेलं नाही. लेक अजून दोन वर्षं तिकडे आहे, मी पुन्हा जाणार आहे. परदेशी एटीएममधून जादा एक पैही न देता पैसे काढता येतात का? ज्यांनी काढले आहेत त्यांनी नीट समजावून सांगा, अगदी कुठलं बटण दाबायचं इथपासून.

भटकंती

येतात, ताई. गेली सहा वर्षं मी काढतोय. कार्ड वेगळं घ्यायचं आणि ते करडं बटण दाबायचं. 'रूपांतर नको' म्हटल्याने व्यवहार रद्द होत नाही, नोटा तेवढ्याच येतात. बाकीचं टांकसाळकाका सांगतील, ते याच कामात होते.

टांकसाळ

अबोलीताई, बँकेच्या कार्ड विभागात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. परदेशात काढलेल्या पैशाला चार ठिकाणी कात्री लागू शकते. तुम्हाला तीन लागल्या. चारही कात्र्या वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येकीला अडवायची जागा वेगळी आहे. 'परदेशात एवढं जातंच' हे उत्तर देणारा माणूस या चारींची एकच बेरीज करून तुमच्यासमोर ठेवतो, आणि बेरीज पाहिली की कुठे काय वाचलं असतं ते दिसतच नाही.

पहिली तुमच्याच बँकेची : परदेशी यंत्र वापरलं म्हणून दर वेळी एक ठरावीक रक्कम. थोडे काढा की भरपूर, तेवढीच जाते.

दुसरीही तुमच्याच बँकेची, तिला मार्क-अप म्हणतात. चलनाचं रूपांतर व्हिसा किंवा मास्टरकार्ड आपल्या दराने करून देतं. हा दर बाजारातल्या घाऊक दराच्या अगदी जवळ असतो. त्यावर तुमची बँक आपले टक्के चढवते, बहुतेक बँकांत १ ते ३.५ च्या मध्ये कुठेतरी. या पहिल्या दोन कात्र्या यंत्रासमोर उभं राहून टाळता येत नाहीत. त्या टळतात त्या निघण्याआधी, कार्ड निवडताना. आपल्या कार्डाचं शुल्कपत्रक काढा आणि त्यात 'परदेशी एटीएम' आणि 'परकीय चलन मार्क-अप' या दोनच ओळी शोधा. बाकी चकचकीत माहितीपत्रक वाचण्यात वेळ घालवू नका.

तिसरी यंत्राच्या मालकाची. याला सरचार्ज किंवा ॲक्सेस फी म्हणतात. ही पैसे बाहेर येण्याआधी पडद्यावर दाखवली जाते. त्या क्षणी 'नाही' म्हणून कार्ड काढून घेता येतं आणि काहीही कापलं जात नाही. दुसऱ्या बँकेच्या यंत्राकडे चालत जायचं, एवढाच उपाय.

चौथी सगळ्यात महाग, आणि तिला कोणी शुल्क म्हणत नाही. डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन, आमच्या भाषेत डीसीसी. जे रूपांतर तुमच्या बँकेने करायचं, ते यंत्रवाला स्वतःच करून टाकतो, स्वतःच्या दराने. यंत्रावर 'शुल्क शून्य' असं लिहिलेलं असूनही दहा-बारा टक्के जाऊ शकतात. शुल्काच्या रकान्यात खरोखरच शून्य असतं, पैसे दरातून गेलेले असतात. तुम्ही जे हिरवं बटण दाबलंत ते हेच.

तेव्हा नियम एकच : यंत्र जिथे उभं आहे तिथल्या चलनात व्यवहार करायचा. पडद्यावर आपल्या ओळखीचं चलन दिसलं की हात आखडायचा.

सावली

काका, एक कळलं नाही. यंत्राने रूपांतर करून रक्कम अबोलीताईंच्या चलनातच पाठवली होती ना? मग बँकेने टक्केवारी कशावर लावली? बदलायला चलन उरलंच कुठे?

टांकसाळ

बरोबर जागी बोट ठेवलंत. बऱ्याच बँकांच्या नियमात टक्केवारी 'परकीय चलनातल्या व्यवहारावर' नसते, 'परदेशात झालेल्या व्यवहारावर' असते. यंत्र परदेशात आहे एवढं पुरतं, रक्कम कुठल्या चलनात आली याला महत्त्व नाही. म्हणून डीसीसी घेतली की दोन्हीकडून मार बसतो : यंत्रवाल्याचा दरही वाईट आणि आपल्या बँकेचे टक्केही चालूच.

देवदार

मी थोडं वेगळं मत मांडतो. हिरवं बटण दाबलं तर निदान किती कापलं जाणार हे जागच्या जागी कळतं. 'रूपांतर नको' म्हटलं की पुढे आपली बँक काय दर लावेल हे दोन दिवसांनी समजणार. वयस्कर माणसाला त्या खात्रीची किंमत असते. माझे वडील नेहमी आपल्या चलनातलाच आकडा निवडतात आणि शांत झोपतात.

भटकंती

देवदार, वडिलांना खात्री हवी हे समजू शकतो, पण ती दुसऱ्या मार्गाने फुकट मिळते. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही संकेतस्थळांवर दर काढायचं गणकयंत्र आहे. तारीख, दोन्ही चलनं आणि आपल्या बँकेचा मार्क-अप टाकला की किती कापले जातील ते समोर येतं. मी निघायच्या आदल्या दिवशी काढून कागदावर लिहून ठेवतो : ५,००० चे इतके, १०,००० चे इतके. यंत्रासमोर तो कागद हातात असतो. पडद्यावरचा आकडा आणि कागदावरचा आकडा शेजारी शेजारी दिसले की निर्णय कठीण राहत नाही. वडिलांनाही असा कागद करून द्या. दोन आकड्यांतला फरक एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहू देत, मग ते आपणहून करडं बटण दाबतील.

टांकसाळ

भटकंतीला दुजोरा. आणि देवदार, आणखी एक. दुकानातली खरेदी दोन-तीन दिवसांनी खात्यावर चढते, त्यामुळे मधल्या काळात दर हलू शकतो. एटीएमचा व्यवहार मात्र सहसा त्याच वेळी पुरा होतो, त्यामुळे दर हलायची भीती फारशी उरत नाही. यंत्रवाले नेमकी तीच भीती दाखवतात. 'नको' दाबल्यावर कित्येकदा दुसरा पडदा येतो : 'तुमची बँक अनिश्चित दर लावू शकते, नक्की पुढे जायचं?' तिथेही ठामपणे 'रूपांतराशिवाय पुढे' निवडायचं. दोनदा नाही म्हणावं लागलं तरी म्हणायचं.

हिरवी_शाई

पावतीवर ती ११.९ टक्क्यांची ओळ का आली, त्याबद्दल थोडं. युरोपीय संघाने २०१९ मध्ये एक नियम केला, क्रमांक २०१९/५१८. रूपांतर देऊ करणाऱ्याने आपला दर युरोपीय केंद्रीय बँकेच्या ताज्या संदर्भ दरापेक्षा किती टक्के जास्त आहे हे व्यवहाराआधी सांगायचं, असं त्यात आहे. ही अट १९ एप्रिल २०२० पासून लागू झाली. त्याआधी नुसता दर दिसायचा आणि तो बरा की वाईट हे ठरवायला सामान्य माणसाकडे काही साधन नव्हतं. नियम संघातल्या बँकांच्या कार्डांना समोर ठेवून केलेला आहे, पण यंत्रावर ती ओळ दिसली तर कुणीही वाचून घ्यावी. टक्केवारी हीच खरी किंमत. दर कितीही मोठ्या अक्षरांत असला तरी तो बाजूला ठेवून ती ओळ शोधा.

संदर्भ दर कामाच्या दिवशी मध्य युरोपीय वेळेनुसार दुपारी चारच्या सुमारास जाहीर होतो, आणि तो कुणालाही पाहता येतो.

समुद्रपक्षी

डीसीसीबद्दल सगळं बरोबर, पण तिसऱ्या कात्रीला कमी लेखू नका. आम्ही थायलंडला तीन आठवडे होतो. तिथे परदेशी कार्डाने पैसे काढले की दर वेळी यंत्राचे २२० बाट लागत होते, जवळजवळ प्रत्येक बँकेत. पहिल्या आठवड्यात आम्ही सवयीने दोन-दोन हजार काढत राहिलो. जास्त रोकड जवळ ठेवायची भीती वाटायची. एके रात्री बायकोने वहीत हिशेब मांडला : २,००० बाटवर २२० म्हणजे ११ टक्के. आणि आम्ही रोज मोठ्या सावधपणे 'रूपांतर नको' दाबत होतो!

दुसऱ्या दिवसापासून एकदम २०,००० काढायला लागलो. तेच २२० आता १.१ टक्का झाले. पाच वेळा चार-चार हजार काढले असते तर १,१०० बाट गेले असते. नोटा दोघांत वाटून, थोड्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात, थोड्या खोलीतल्या तिजोरीत. ठरावीक शुल्काच्या देशात कमी वेळा आणि मोठी रक्कम, हे पाठच करा.

कावेरी_काठ

समुद्रपक्षी, ते २२० बाट स्टेटमेंटवर वेगळे दिसले का तुम्हाला?

समुद्रपक्षी

नाही. २०,२२० अशी एकच रक्कम आली.

टांकसाळ

हे महत्त्वाचं आहे. यंत्राचं शुल्क काढलेल्या रकमेतच मिसळून जातं. तुमच्या बँकेला दिसतात २०,२२०, आणि मार्क-अपही २०,२२० वर बसतो, म्हणजे शुल्कावर शुल्क. यंत्राचं शुल्क परत देऊ असं सांगणाऱ्या ज्या बँका आहेत, त्यांनासुद्धा यातले शुल्क किती हे कधी कधी कळत नाही. म्हणून पावती घ्या. यंत्रात कागद नसेल तर शुल्काच्या पडद्याचा फोटो काढा, फक्त आकडे टाइप करताना फोन खिशात ठेवा. महिनाअखेरीला परतावा आला नाही तर बँकेला ती पावती पाठवली की काम होतं.

अबोली_२१

खूप काही नवीन कळतंय. आता मूळ प्रश्नावर येते. ज्यात पहिल्या दोन कात्र्या लागतच नाहीत असं कार्ड खरंच असतं का?

परतीचा_पाऊस

असतं, पण कुठल्या देशात खातं उघडता येतं यावर सगळं अवलंबून. अमेरिकेत चार्ल्स श्वाबच्या चेकिंग खात्याचं डेबिट कार्ड परकीय व्यवहाराचं शुल्क घेत नाही आणि जगभरातल्या यंत्रांनी लावलेलं शुल्क महिन्याच्या शेवटी परत देतं. ब्रिटनमध्ये स्टारलिंग बँक परदेशात काढलेल्या पैशावर ना ठरावीक रक्कम घेते, ना टक्के. वाइज आणि रेव्होल्युट या ॲपवरून खातं आणि कार्ड देणाऱ्या कंपन्या अनेक देशांत चालतात. त्यांच्याकडे महिन्याला ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे काढणं फुकट, त्यापुढे शुल्क. मर्यादा देशागणिक आणि योजनेगणिक बदलते, ॲपमध्येच ताजी पाहावी. रेव्होल्युटच्या साध्या योजनेत शनिवार-रविवारी चलन बदललं तर जादा टक्का लागतो, म्हणून लागणारं चलन शुक्रवारीच बदलून ठेवायचं.

लेक जिथे राहते तिथे तिचं खातं असेलच. तिथल्या बँकेचं तिथलंच कार्ड असलं की निम्मा प्रश्न सुटतो. आपण आपल्या खात्यातून तिच्या खात्यात पैसे पाठवायचे आणि तिने काढून द्यायचे. पाठवण्याचा खर्च आणि दर आधी तपासून घ्या, एवढंच.

आणि एक लक्षात ठेवा : श्वाबसारखं कार्डसुद्धा डीसीसीतून गेलेले पैसे परत देत नाही. त्यांच्या लेखी ते शुल्कच नव्हे.

देवदार

काही बँकांची आपसात युती असते ना? एकमेकांच्या यंत्रात शुल्क नाही असं ऐकलं होतं.

परतीचा_पाऊस

हो, ग्लोबल एटीएम अलायन्स. बँक ऑफ अमेरिका, जर्मनीची डॉइशे बँक, कॅनडाची स्कोशिया बँक त्यात आहेत. पण त्या युतीने सुटतं ते यंत्राचं शुल्क. बँक ऑफ अमेरिकेचं ३ टक्क्यांचं परकीय व्यवहार शुल्क तसंच लागतं. युतीतलं यंत्र शोधायला दोन किलोमीटर पायपीट करण्याआधी आपल्या कार्डाचा मार्क-अप पाहून घ्यावा.

मोगरा_वेल

आम्ही पोर्तुगालला होतो. तिथे मल्टिबांको नावाचं देशभराचं जाळं आहे, निळी पाटी आणि 'एमबी' अक्षरं. ती यंत्रं स्वतःचं शुल्क लावत नाहीत. पण शहराच्या जुन्या भागात, हॉटेलांच्या खाली, स्मरणवस्तूंच्या दुकानांच्या मध्ये दुसऱ्या कंपन्यांची यंत्रं असतात. आम्हाला कुठल्याही देशात एक खूण उपयोगी पडली : यंत्र बँकेच्या इमारतीत, आत, पायरी चढून असेल तर बरं. फुटपाथवर एकटं, चकाकत, पाच भाषांत 'पैसे इथे' म्हणत उभं असेल तर दोनशे पावलं पुढे जायचं.

बँकेच्या आतल्या यंत्राचा दुसरा फायदा म्हणजे सुरक्षितता. कार्ड घालायच्या खाचेवर कुणी दुसरी खोटी खाच चिकटवून जाणं आत तितकं सोपं नाही. तरी मी प्रत्येक वेळी ती खाच चिमटीत धरून हलवून बघते, आणि पिन टाकताना डाव्या हाताचा तळवा आडवा धरते.

ओंजळ

आम्ही जपानमध्ये पहिल्या दिवशी चांगलेच अडकलो होतो. तीन बँकांच्या यंत्रांनी कार्ड बाहेर ढकललं. मग कुणीतरी सांगितलं की सेव्हन-इलेव्हन दुकानातल्या सेव्हन बँकेच्या यंत्रात जा, किंवा टपाल खात्याच्या बँकेच्या. तिथे लगेच चाललं. तिकडच्या पुष्कळ स्थानिक यंत्रांना परदेशी कार्ड वाचताच येत नाही, कार्डाचा दोष नसतो. आपल्या कार्डाच्या मागे 'प्लस' किंवा 'सिरस' असं चिन्ह असतं. प्लस व्हिसाचं, सिरस मास्टरकार्डचं. तेच चिन्ह यंत्रावर दिसलं तर कार्ड चालण्याची शक्यता खूप.

कावेरी_काठ

माझा भाऊ कामासाठी मॉस्कोला चाललाय. तिथे काय?

टांकसाळ

तिथे कार्डाच्या भरवशावर जाऊ नये. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांनीही ५ मार्च २०२२ ला रशियातलं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. बाहेरच्या देशात दिलेली त्यांची कार्डं तिथल्या यंत्रात चालत नाहीत. भावाला रोकड नेताना नियम पाहूनच न्यायला सांगा. इराणमध्येही तीच गत.

सावली

माझा पिन सहा आकडी आहे. चालेल?

टांकसाळ

बहुतेक ठिकाणी चालतो, पण काही यंत्रं चारच आकडे घेतात. निघण्याआधी चार आकडी करून घ्या. पिनच्या आंतरराष्ट्रीय मानकात चार ते बारा आकडे चालतात, तरी जगभर चारच रूढ झाले. लंडनच्या एनफिल्ड भागात २७ जून १९६७ ला बार्कलेज बँकेचं पहिलं रोकड यंत्र सुरू झालं. ते करणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म शिलाँगचा. त्यांना सहा आकडे ठेवायचे होते, पण स्वयंपाकघरातल्या टेबलावर बायको म्हणाली की मला चारच लक्षात राहतात. ही आठवण त्यांनीच नंतर सांगितली.

आणि पिन अक्षरांवरून लक्षात ठेवत असाल तर आकड्यांत पाठ करा. सगळ्या कीपॅडवर अक्षरं नसतात.

मुसाफिरीण

माझा अनुभव लिहिते, कारण अशा वेळी काय करावं हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

रात्रीची वेळ, परक्या शहरातलं यंत्र. पिन टाकला, यंत्राने नोटा मोजल्याचा आवाज आला, खाली झडप उघडलीच नाही. पडद्यावर 'व्यवहार पूर्ण होऊ शकला नाही'. कार्ड परत आलं. दोन मिनिटांत फोनवर संदेश : पैसे वजा. पायातलं बळच गेलं. मी तिथेच उभी राहून तीन वेळा कार्ड घालायला निघाले होते. बरोबरच्या मैत्रिणीने हात धरला.

सकाळी त्या बँकेत गेले. त्यांनी नम्रपणे सांगितलं की तुमचं खातं आमच्याकडे नाही, तक्रार तुमच्या बँकेतूनच यायला हवी. तेच खरं होतं. मी माझ्या बँकेला तारीख, तिथली वेळ, रक्कम आणि यंत्रावर चिकटवलेल्या पट्टीवरचा क्रमांक कळवला. तो क्रमांक मैत्रिणीने रात्रीच टिपून ठेवला होता, नाहीतर मला सुचलंही नसतं. तीन आठवड्यांनी पूर्ण रक्कम परत आली.

टांकसाळ

तुमच्या मैत्रिणीचे आभार मानायला हवेत. यंत्रातली रोकड आणि यंत्राची नोंद यांचा मेळ घातला जातो तेव्हा न निघालेल्या नोटा शिल्लक दिसतात, त्यामुळे खरी तक्रार सहसा टिकते. पण तक्रारीला मुदत असते, घरी परत गेल्यावर बघू म्हणून थांबू नका. त्याच दिवशी नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या.

याच ओघात : दोन कार्डं न्या, दोन वेगळ्या बँकांची, आणि ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. कार्ड ज्या खात्याला जोडलंय त्यात प्रवासापुरतेच पैसे ठेवा, उरलेले दुसऱ्या खात्यात. लागतील तसे फोनवरून वळते करा. ॲपमध्ये 'परदेशी वापर' नावाचं बटण असेल तर निघायच्या आधी चालू करा आणि आल्यावर आठवणीने बंद करा.

देवदार

क्रेडिट कार्डानेही एटीएममधून पैसे निघतात की. अडचणीच्या वेळी?

भटकंती

अगदीच अडला हरी असेल तरच. ते उसने पैसे ठरतात. व्याज पहिल्या दिवसापासून, वर रोकड काढण्याचं शुल्क वेगळं. खरेदीला जी बिनव्याजी मुदत मिळते ती रोकडीला नसते. क्रेडिट कार्ड दुकानात वापरावं, आणि तिथेही मशीन आपल्या चलनात की त्यांच्या असं विचारतं तेव्हा त्यांच्याच चलनात. काही दुकानदार आपल्याला न विचारता बटण दाबून मोकळे होतात. सही किंवा पिन देण्याआधी पडद्यावरचं चलन बघा, आणि चुकीचं असेल तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. तो आपला हक्क आहे.

अबोली_२१

मंडळी, चार महिन्यांनी परत लिहिते आहे. सध्या पुन्हा प्रागला आहे.

यावेळी मार्क-अप नसलेलं आणि परदेशी एटीएमचं शुल्क नसलेलं कार्ड आधीच घेऊन ठेवलं होतं. जुनं कार्ड बॅगेत, दुसऱ्या कप्प्यात. भटकंतींनी सांगितला तसा कागद केला : ४,००० कोरुना, ६,०००, ८,०००, आणि लेकीने सुचवलेले ५,८००, प्रत्येकापुढे गणकयंत्राने दिलेला आकडा.

त्याच ट्रामच्या थांब्यापाशी उतरले, ते भिंतीतलं यंत्र ओलांडून पुढे गेले आणि कोपऱ्यावरच्या बँकेच्या आतल्या यंत्रात कार्ड घातलं. इंग्रजी भाषा निवडली. खाते कुठलं असं विचारलं, बचत निवडलं. तयार रकमांची बटणं होती, सगळ्या मोठ्या. मी 'दुसरी रक्कम' दाबून ५,८०० लिहिले, कारण लेक म्हणाली की पूर्ण ६,००० मागितले तर नुसत्या मोठ्या नोटा येतात आणि ट्रामवाल्या छोट्या दुकानात कुणी सुटे देत नाही. मग ती चौकट आली. तीच दोन बटणं. कागद काढून पडद्याशेजारी धरला. पडद्यावरचा आकडा कागदावरच्या ५,८०० च्या हिशेबापेक्षा नऊ टक्क्यांनी जास्त होता. डावीकडचं दाबलं. काकांनी सांगितला होता तो दुसरा इशाराही आला, पुन्हा डावीकडचं. दोन सेकंद काहीच झालं नाही, छातीत धडधडलं, आणि मग नोटा आल्या.

आज सकाळी खातं पाहिलं. एकच ओळ. रक्कम गणकयंत्राने सांगितली होती तेवढीच, शेवटच्या आकड्यापर्यंत. शुल्काची दुसरी ओळ नाही. लेकीला फोन हातात देऊन दाखवली.

आता एक अडचण. आज दुपारी पुन्हा काढायला गेले तर 'मर्यादा ओलांडली' असं आलं. काल काढले ते काल, आज तर नवीन दिवस आहे. बँकेने कार्ड अडवलं असेल का?

टांकसाळ

अबोलीताई, फार बरं वाटलं वाचून.

कार्ड अडवलेलं नसावं. दिवसाची मर्यादा तुमच्या बँकेच्या घड्याळाने मोजली जाते, प्रागच्या नव्हे. काही बँका तर शेवटच्या व्यवहारापासून पूर्ण २४ तास मोजतात. काल किती वाजता काढले होते?

अबोली_२१

संध्याकाळी सहाला.

टांकसाळ

मग आज सहा वाजून गेल्यावर जा. तेव्हाही नाही आले तर ॲपमध्ये परदेशातल्या रोकडीची मर्यादा किती आहे ते बघा, ती देशांतर्गत मर्यादेपेक्षा वेगळी असू शकते आणि तिथल्या तिथे वाढवता येते.

अबोली_२१

साडेसहाला गेले. आले. डावीकडचं बटण, दोनदा.